पंचेचाळीस मिनिटांचं सूप

जॅमच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणीचं काम करून ती निवृत्त झाली, आणि पहिल्या वर्षभरातच तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता कोणी काही विचारत नाही. कारखान्यात दिवसातून वीस वेळा कोणीतरी तिच्या टेबलापाशी येऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "बाई, सोडू का?" फळांचा लगदा शिजला, साखर पडली, की पुढे घट्टपणासाठी पेक्टिन किती, आंबटपणा किती, टिकावं म्हणून घालायची पूड किती, हे ती मोजून बघायची. मग हो म्हणायची किंवा नाही म्हणायची. तिच्या हो-नाहीवर पाचशे किलोची कढई हलायची.

घरात मात्र या कामाला कोणी काम समजत नव्हतं. तिची थोरली बहीण म्हणजे ताई; स्वयंपाकात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती चारचौघांत म्हणायची, "आमची धाकटी ना, खाण्यात पूड कालवते. त्याचा पगार मिळतो तिला." सगळे हसायचे. तीही हसायची. नवरा होता तोवर तो तरी एखादा शब्द तिच्या बाजूनं टाकायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

एकुलती एक लेक परदेशात होती, विमानांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळायची. दोघींचं फोनवर बोलणं तीन मिनिटांत आटपायचं. जेवलीस का, जेवले. तब्येत बरी ना, बरी आहे. ठेवू का, ठेव. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. दोघींना एकमेकींशी काय बोलावं तेच सुचायचं नाही. लेक लहान असतानाही शाळा सुटल्यावर आईला भेटायला कारखान्याच्या फाटकापर्यंत कधी आली नाही. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी थांबायची. आईला ते कळत होतं. बोलून काय मिळणार, म्हणून ती बोलली नाही.

गेल्या सुट्टीत लेक आली तेव्हा तिनं वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसली, त्यात काहीबाही बदललं आणि एक खेळ घालून दिला. जगभरातली माणसं एकाच वेळी खेळतात तसला. जंगलं, गावं, गड, लांडगे.

"आई, रोज दुपारी तू इथे ये. तुझी दुपार म्हणजे माझी सकाळ. हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही."

"मी काय मारामारी करणार आहे का या वयात?"

"मारामारी नको करूस. लाकडं गोळा कर, मासे पकड. तिथे स्वयंपाकही करता येतो."

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता लेकीनं आणखी एक गोष्ट सांगितली, आईकडे न बघता. "माझी एक टोळी आहे तिथे. सतरा जण. मी म्होरकी आहे त्यांची. तर तू माझी आई आहेस हे तिथे सांगू नकोस हं. लोक चेष्टा करतात. इथली ओळखीची एक बाई आहे, असं मी सांगेन."

"बरं," आई म्हणाली, आणि बॅगेची चेन ओढून दिली.

खेळात टोपणनाव लागायचं. लेकीचं होतं कोल्हीण. आईनं टेबलावर समोर जे दिसलं ते लिहिलं: बरणी. महिन्याभरात टोळीनं तिला बरणीकाकू करून टाकलं. आवाजात वय लपत नाही.

मासे पकडण्यात तिला गोडी वाटली नाही. गावाच्या टोकाला चूल होती, तिथे मात्र ती रमली. चुलीवर क्लिक केलं की पातेलं उघडायचं. आधी मूळ जिन्नस घालायचे: कंद, मांस, पाणी. त्याखाली तीन रिकामे चौकोन असत आणि त्यावर लिहिलेलं असे, पूरक. त्यात डिंक घाला, आंबट अर्क घाला, मीठ घाला, अग्निफुलाची पूड घाला, हवं ते. पूरकावरून ठरायचं की वाटीभर सूप पिणाऱ्याला किती ताकद मिळेल आणि ती किती वेळ टिकेल. सूप तयार झालं की दोन्ही आकडे पडद्यावर यायचे.

ते तीन चौकोन पहिल्यांदा दिसले तेव्हा ती खुर्चीत सरळ होऊन बसली. उठून कपाटातून एक कोरी वही काढली, पट्टीनं पाच रकाने आखले आणि मगच पातेल्याला हात लावला.

टोळीचा स्वयंपाक तोवर हातोडा नावाचा एक जण करायचा. खऱ्या आयुष्यात तो फरशा बसवायचा. बोलायला रोखठोक, पण मनाचा वाईट नव्हता. त्याची कृती सगळ्या जगात चालायची तीच होती: अग्निफुलाची पूड पाच मापं, डिंक, आंबट, सगळं ठासून. सूप पिणाऱ्याची ताकद बहात्तरवर जायची. टिकायचं पंचवीस मिनिटं.

"काकू, तुम्ही कशाला डोकं लावताय?" तो म्हणाला. "हजारो लोकांनी करून बघितलंय. याच्या पुढे जात नाही."

"हजारो लोकांनी एकच गोष्ट करून बघितली असेल," ती म्हणाली.

डोकं लावायला तिला कारण हवं होतं, आणि ते लवकरच मिळालं. उत्तरेला बर्फगड नावाचा गड होता. कोणत्याही टोळीनं तो अजून घेतला नव्हता. गड घ्यायला अडीच तास लागतील असा सगळ्यांचा अंदाज होता. आत थंडी इतकी की सुपाचा जोर उतरला की माणूस पाच-सहा मिनिटांत गारठून पडायचा, आणि पडला की खेळातून त्या दिवसापुरता बाद. बरोबर प्रत्येकाला चारच वाट्या नेता यायच्या. चार वाट्या, पंचवीस मिनिटांची एक, म्हणजे शंभर मिनिटं. कोल्हिणीची टोळी तीनदा गेली होती आणि तिन्ही वेळा तिसऱ्या दारापाशी, बरोबर शंभराव्या मिनिटाच्या पुढेमागे, सगळी माणसं ओळीनं आडवी झाली होती.

"तिथल्या थंडीला ताकद किती लागते?" आईनं एका दुपारी विचारलं. दोघी नदीकाठी कंद खणत होत्या.

"तीस."

"मग बहात्तर कशाला घेता?"

"जास्त असलेलं बरं ना, आई."

"जास्त असलेलं बरं असतं तर मला कारखान्यात कशाला ठेवलं असतं? कोणीही फावड्यानं ओतलं असतं. पुरेसं म्हणजे किती, ते शोधायलाच माणूस लागतं."

त्या दिवसापासून लेक आईसाठी रोज टोपलीभर कंद आणून ठेवू लागली.

आईची पद्धत साधी होती आणि कोणालाही कंटाळा येईल अशी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि तीनदा करून बघायचं. डिंक दोन मापं, तीनदा. डिंक तीन मापं, तीनदा. चौथ्या मापाला वेळ वाढेनासा झाला, तिथे रेघ मारली. अग्निफुलाचं माप पाचावरून खाली आणायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण खेळ आपणहून पाच भरायचा आणि कमी करण्याची खूण बारीक होती. तिनं चष्मा लावून ती शोधली. पाचाचे चार केले: ताकद उतरली, वेळ वाढला. चाराचे तीन: तसंच. पूड सूप पेटवायची आणि पेटलेलं लवकर विझायचं, एवढा साधा हिशेब. एका मापावर ताकद चौतीस राहिली. थंडीला तीस लागत होती. वर चार राखीव, ठीक होतं.

पण वेळ चौतीस मिनिटांच्या पुढे सरकेना. अडीच तासांना चार वाट्या पुरवायच्या तर निदान अडतीस हवी होती, आणि अंगाशी येईल इतकं काठावरचं तिला चालत नव्हतं. आठ दिवस ती त्या आकड्यापाशी अडून बसली. वहीची बावीस पानं भरली. ताईचा फोन आला तेव्हा तिनं गॅसवर काहीतरी आहे असं सांगून ठेवून दिला, आणि ठेवल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं.

नवव्या दिवशी दुपारी भांडी घासताना तिचा हात थांबला. कारखान्यात नवं पोर लागलं की पहिल्या आठवड्यात ती त्याला एकच गोष्ट बजावायची: आंबट शेवटी. आंबट आधी पडलं आणि शिजत राहिलं, तर पेक्टिनची ताकद मरते आणि जॅम बसत नाही. इथे सगळे जण आंबट अर्क पहिल्या चौकोनात टाकत होते, कारण यादीत तो पहिला होता. तिनंही आजवर तेच केलं होतं. तिनं हात पुसले, कॉम्प्युटर लावला, डिंक पहिल्या चौकोनात घातला, पूड दुसऱ्या आणि आंबट तिसऱ्या.

पंचेचाळीस मिनिटं.

तिनं आणखी दोनदा केलं. पंचेचाळीस. पुन्हा पंचेचाळीस. हा खेळ बनवणाऱ्यांत कोणीतरी असं आहे की ज्याला घट्ट होणं म्हणजे काय ते माहीत आहे, असं तिला वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल तिला माया वाटली. वहीत तिनं आकडा लिहिला, खाली तारीख घातली आणि सही केली. सवयच होती ती.

टोळीपुढे कोल्हिणीनं आकडे ठेवले तेव्हा अकरा जण लगेच तयार झाले. हातोडा आणि त्याचे पाच सोबती मात्र अडले.

"चौतीस ताकद म्हणजे पाणी पिऊन लढायला जाण्यासारखं आहे," हातोडा म्हणाला. "थंडी झेलाल, पण दार कशानं फोडाल? आम्ही आमचं सूप पिणार. तुमच्या आधी दारापाशी पोचू."

कोल्हीण तोडून बोलणार होती, पण बरणीकाकूच मध्ये पडल्या. "पिऊ दे त्यांना. दोन्ही सुपं एकदम बघायला मिळतील. तुलना झालेली बरी असते."

"काकू, तुम्हाला राग नाही येत?" हातोड्यानं विचारलं.

"आकडा चुकला तर येईल."

रविवारी दुपारी दोन वाजता अठरा जण निघाले. सतरा टोळीचे आणि अठरावी ती. ती आजवर गावाबाहेर पडली नव्हती, पण या वेळी हट्टानं गेली. तिच्या पाठीवर चार वाट्या होत्या आणि वर एका पातेल्यापुरते कोरडे जिन्नस. "एक बॅच नेहमी राखीव ठेवायची असते," एवढंच कारण तिनं दिलं.

हातोड्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या सहा जणांचे घाव दुप्पट बसत होते. पहिलं दार वेळेआधी पडलं, दुसरं त्याहून आधी. ऐंशीव्या मिनिटाला सगळे ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं पुढे होते. "काकूंच्या पाणचट सुपाचा विजय असो," कोणीतरी माइकवर म्हणालं आणि हशा पिकला.  पुढे आहेत हे खरं होतं, आणि जे खरं आहे ते वहीत लिहिलंच पाहिजे. तिनं लिहिलं.

तिसऱ्या दारामागे बर्फाचा लांबलचक दिवाणखाना होता. ते आत शिरले तेव्हा शहाण्णव मिनिटं झाली होती. अठ्ठ्याण्णवाला हातोड्याचा आवाज आला, "आमचं संपत आलंय." शंभराला त्याच्या सहा जणांची पावलं जड झाली. ज्यांच्या घावांवर टोळी पुढे आली होती तेच सहा जण आता गारठत होते, आणि त्यांच्याशिवाय दिवाणखान्याच्या टोकाला गड राखणाऱ्या बर्फराक्षसाला मारणं उरलेल्या अकरा जणांच्या आवाक्यातलं नव्हतं. वाट्या उसन्या देता येत नव्हत्या. खेळाचा तसा नियमच होता. ज्याच्यासाठी रांधलं त्यानंच प्यायचं.

"भिंतीशी या," बरणीकाकू म्हणाल्या. "चूल मांडते."

"इथे? चुलीच्या उजेडानं लांडगे येतील," कोल्हीण म्हणाली.

"येऊ देत. तुम्ही कशाला आहात?"

तिनं पातेलं ठेवलं, जिन्नस काढून मोजले. डिंकाचे तीन खडे हवे होते. दोनच होते. सकाळी शेवटची खात्री म्हणून तिनं एक वाटी करून बघितली होती आणि तो खडा परत भरायचा राहून गेला होता. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिनं त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं.

दोन खड्यांत सूप पातळ होणार, तीस मिनिटांत उतरणार. तीस पुरणार नव्हती. तिनं डोळे मिटले. घट्टपणा दोन वाटांनी येतो, घट्ट करणारं वाढव किंवा पाणी कमी कर. नऊ पळ्यांचं पाणी तिनं सहा पळ्यांवर आणलं. त्यात वाट्या सहाच होणार होत्या. माणसं सहाच होती. एकही वाटी सांडायला जागा नव्हती, आणि हे प्रमाण तिनं वहीत एकदाही करून बघितलेलं नव्हतं. कारखान्यात असलं काही तिनं कोणाला करू दिलं नसतं.

डिंक. पूड, एक माप. कंद, मांस आणि सहा पळ्या पाणी आधीच पडलं होतं. आता ढवळत राहायचं, चार मिनिटं. मधे हात सुटला तर सगळं वाया.

दुसऱ्या मिनिटाला लांडगे आले. अकरा जणांनी कडं केलं. गारठलेले सहा जण भिंतीशी टेकून, जेमतेम उभे. तिनं पडद्याच्या कडेकडे पाहिलंच नाही, फक्त पातेल्याकडे बघत राहिली. उजव्या हाताची तर्जनी माऊसवर अशी दाबलेली होती की नख पांढरं पडलं होतं. एक लांडगा कड्यावरून उडी मारून थेट चुलीवर आला.

"आई, खाली वाक," कोल्हीण ओरडली.

ती वाकली. लांडगा डोक्यावरून गेला आणि लेकीच्या भाल्यावर पडला. पातेलं हललं नाही.

 हातोड्याचा आवाज आला. "आई कोण?"

"बरणीकाकू माझी आई आहे," कोल्हीण म्हणाली. "नंतर बोलू. डावीकडे बघ."

चौथं मिनिट भरलं. तिनं आंबट अर्क टाकला, सगळ्यात शेवटी, आणि पातेलं उतरवलं. आकडा आला: ताकद चौतीस, वेळ त्रेचाळीस मिनिटं.

"घ्या," ती म्हणाली. "एकेकानं. ढकलाढकली नको."

हातोडा शेवटी आला. "काकू," तो म्हणाला, "मी चुकलो."

"तुझ्यामुळे दहा मिनिटं वाचलीत. ती उपयोगी पडणार आहेत. आधी पी."

उपयोगी पडलीच. बर्फराक्षस लवकर मरण्यातला नव्हता. त्याला मारायला पस्तीस मिनिटं लागली, आणि त्या पस्तीस मिनिटांत ती एका खांबामागे उभी राहून वेळ सांगत राहिली: तुम्ही सहा जण, अजून वीस. अजून बारा. बाकीच्यांनी चौथी वाटी आता घ्या, आता. दोन तास एकवीस मिनिटांनी राक्षस कोसळला तेव्हा हातोड्याच्या माणसांकडे सहा मिनिटं शिल्लक होती. अठरा जण आत गेले होते आणि अठराच उभे होते. पडद्यावर सोनेरी अक्षरांत ओळ आली की बर्फगड पहिल्यांदाच घेतला गेला आहे, आणि खाली अठरा नावं. पहिलं कोल्हिणीचं, अठरावं बरणीचं.

गलका झाला तो पाच मिनिटं चालला. तो ओसरल्यावर कोल्हीण म्हणाली, "सगळे आहात ना? मला एक सांगायचंय."

आईनं कानावरचा हेडफोन नीट केला.

"मी हिला ओळखीची बाई म्हणाले होते. चेष्टा होईल म्हणून, असं मी तिला सांगितलं. ते खरं नव्हतं. मला लाज वाटायची. ती जॅमच्या कारखान्यात होती, तपासनीस. खाण्यात पूड कालवणारी, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे, आणि मला वाटायचं की मैत्रिणींना कळलं तर काय. मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. साडेचार हजार बरण्यांची एक बॅच होती, ट्रक दारात उभा होता. आंबटपणा एवढासा कमी होता. साहेब म्हणाले, सही करा, एवढं तेवढं चालतं. हिनं तीनदा मोजलं आणि लाल चिठ्ठी लावली. साहेब ओरडले. ही खुर्ची घेऊन गोदामाच्या दारात जाऊन बसली, ट्रक परत जाईपर्यंत. तिसऱ्या दिवशी बाजूला ठेवलेल्या नमुन्यांची झाकणं फुगून वर आली. त्या बरण्या शाळांत वाटायच्या होत्या."



"तुला हे कोणी सांगितलं?" आईनं विचारलं. "मी फक्त तुझ्या बाबांना सांगितलं होतं."

"मी शेजारच्या खोलीत जागी होते. सगळं ऐकलं. आणि त्याच आठवड्यात शाळेचा फॉर्म भरायचा होता, आईचा व्यवसाय. मी गृहिणी लिहिलं. ऐकूनसुद्धा."

"माहीत आहे मला. तुझ्या दप्तरात पाहिला होता तो फॉर्म."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं अक्षर छान आलं होतं," आई म्हणाली.  मग तिनं पुढे सांगितलं, "साडेचार हजार नव्हे. चार हजार सहाशे ऐंशी बरण्या होत्या."

हातोडाच आधी हसला, मग सगळेच. लेक हसत होती की रडत होती ते हेडफोनवरून कळत नव्हतं.  आईला बत्तीस वर्षं पगार मिळाला होता, निरोपाच्या दिवशी घड्याळ मिळालं होतं, पण आपलं काम काय होतं हे आपल्याच माणसानं चारचौघांत सांगावं, हे पहिल्यांदाच झालं होतं. तिनं मान वर केली आणि खोलीत कोणी नसताना पदर सारखा केला.

पुढे प्रश्न आला कृतीचा. हातोड्याचं म्हणणं पडलं की ती गुप्त ठेवावी. वर्षभर दुसरी कोणतीही टोळी गडाकडे फिरकणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "बरणीच्या आत काय आहे ते बरणीवर छापायचं असतं. खाणाऱ्याला कळलं पाहिजे."

"पण मग आपलं वेगळेपण काय उरलं, काकू?"

"आपण पहिले होतो, ते कोण पुसणार आहे? आणि कृती वाचून सगळ्यांना जमतं असं तुला वाटतं का? आज डिंक कमी पडला तेव्हा कागदावर काय लिहिलेलं होतं?"

 हातोडा म्हणाला, "काकू, मला शिकवाल का? पाणी कमी करायचं कसं सुचलं ते मला अजून कळलेलं नाही."

"शिकवीन की."

गावाच्या चौकात एक फळा होता, त्यावर कोणीही काहीही लावू शकायचं. सोमवारी दुपारी तिनं दोन बोटांनी टाइप करत सगळं लिहिलं: मापं, क्रम, ताकद किती, वेळ किती, किती वेळा करून बघितलं, आणि कोणतं प्रमाण एकदाच केलेलं आहे, म्हणून त्यावर विसंबू नये. लेक शेजारी उभी राहून वाचत होती.

"खाली नाव घाल," लेक म्हणाली. "नुसतं बरणी नको. हुद्दा घाल."

"इथे कोणाला कळणार हुद्दा?"

"घाल गं."

तिनं लिहिलं: बरणी, मुख्य तपासनीस, निवृत्त. एकदा वाचलं. मग 'निवृत्त' खोडलं आणि पाठवून दिलं.

"उद्या दोनऐवजी एकला येशील?" लेकीनं विचारलं. "हातोडा तेव्हाच मोकळा असतो. त्याच्याबरोबर आणखी तिघांना शिकायचंय."

"येईन. पण प्रत्येकानं वही घेऊन यायची म्हणावं," ती म्हणाली. "आणि पट्टी."